दसऱ्याच्या अक्षता आणि बंद पडलेला संगणक

गुरुजी,

तांदळाच्या काही दाण्यांविरुद्ध तुमच्या दरबारात फिर्याद दाखल करतो आहे. दाणे अखंड आहेत, कुंकवाने माखलेले आहेत, त्यांच्या सात्त्विकतेबद्दल वाद नाही. तक्रार एवढीच, की ते माझ्या संगणकात फ्लॉपी घालायच्या फटीत जाऊन बसले. दसऱ्याला यंत्राची पूजा करावी हे तुमच्याकडूनच उचललेलं. कामतघरच्या कारखान्यांत त्या दिवशी लूम थांबायचे, झेंडूच्या माळा चढायच्या, आणि तुम्ही मुठी भरभरून अक्षता टाकायचात. मी मागे ताम्हन धरून उभा. लूमला अक्षता पचतात. संगणकाला पचत नाहीत, हे सांगायचं तुमच्याकडून राहून गेलं. आमच्या हिला जाब विचारला तर म्हणते, "मंत्र तुम्ही म्हणत होतात. मी आपल्या तुमच्या खुणेवर टाकल्या."

तुम्ही गेलात तेव्हा हे प्रकरण घरात शिरलं नव्हतं, म्हणून सांगतो. टीव्हीसारखा पडदा, समोर टाइपरायटरसारखी बटणं, आणि लिहाल ते सगळं पेटीच्या आत साठतं. शाळेत शिकवून आलो की मी त्यात तुमचे अर्थ उतरवत असे. श्लोक काय, छापलेले कुठेही मिळतात. तुम्ही ते उलगडून सांगायचात ते कुठेच छापलेलं नाही. क्षमेवरचा श्लोक आला की तुम्ही भिंतीपलीकडच्या कारखान्याकडे बोट दाखवता, आवाज खडखडाटाच्या वर चढवता आणि म्हणता, तो बघ, धागा तुटला, त्याने लूम थांबवला, धाग्याला शिवी दिली नाही, गाठ मारली आणि पुन्हा चालू केला. वर्गात वही उघडलेली तुम्हाला खपत नसे. मी एकदा हातावर लिहून घेत होतो, तेव्हा शांतपणे विचारलंत, "जेवायला बसताना हात धुशील ना?"

तर परवा वीज गेली, आली, पुन्हा गेली, भिवंडीत जाते तशी, आणि पेटी उठेचना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ: डिस्क सापडत नाही. मलाही आयुष्यात पुष्कळ काही सापडत नाही, पण मी ते असं चारचौघांत लिहून दाखवत नाही. दुरुस्तीवाला आला. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "फॉरमॅट मार देता हूं मास्टरजी, एकदम नया हो जाएगा." फॉरमॅट म्हणजे काय विचारलं, तर म्हणजे आतलं सगळं पुसून टाकायचं. रोग्याला मारून रोग बरा करणारे वैद्य मी ऐकले होते, हा प्रत्यक्ष भेटला. नको म्हटल्यावर त्याने यंत्र उठवायला स्वतःची फ्लॉपी आत सरकवली, तर जात्यात खडा यावा तसा आवाज झाला. मग चिमट्याने एकेक लाल दाणा बाहेर येऊ लागला. तो हिच्याकडे बघून हसला, आणि हिने माझ्याकडे बघितलं. फट साफ झाल्यावर त्याच्या फ्लॉपीने यंत्र उठलं खरं, पण आतली डिस्क काही वाचेना. ती उघडून ठाण्याला कुणाला तरी दाखवतो म्हणाला, कुछ आएगा, कुछ नहीं आएगा.

स्क्रू काढता काढता त्याने विचारलं, आत एवढं आहे तरी काय, धंद्याचा हिशोब? मी म्हटलं, माझ्या गुरुजींनी सांगितलेलं आहे.

"तो गुरुजी से दोबारा पूछ लो ना."

मी त्याला चहा घेणार का विचारलं. घेतला त्याने, साखर जास्त घालून. तो गेल्यावर हे पत्र लिहायला घेतलं. त्याचा सल्ला मानतो आहे असं समजा, जरी हे टपालात पडणार नसलं तरी.

ही म्हणते, तुम्हाला पाठच आहे, बसा पुन्हा. काल बसलो. श्लोक सगळे आले, एकही अडखळला नाही. अर्थ सांगू लागलो तर बाजारातल्या गाईडमध्ये असतं तसं गुळगुळीत काहीतरी बाहेर पडलं. एकदा पेटीत घातलं म्हणून ते मनात घोळवणंच मी सोडलं होतं. माझ्या शेजारी बसणारा तुमचा तो दिघाशीचा विद्यार्थी, त्याला विचारलं असतं, तर तोही गेल्या वर्षी गेला. यंत्रावरचा हा सगळा राग वरवरचा आहे, गुरुजी. तुमच्या तोंडून ऐकलेला आता मी एकटाच उरलो आहे, आणि मी विसरायला लागलो आहे.