ताटलीचा गोल

प्रिय छकुले,

तुझं पत्र येऊन बारा दिवस झाले. उत्तर आज लिहितेय, म्हणजे तू तिकडे तोंड फुगवून बसली असशील. तुझ्या कॉलेजातल्या मंडळाने ‘कष्टकऱ्यांची एकजूट’ असा विषय ठेवलाय आणि त्यावर बोलायला तुझ्या आईला बोलावलंय, हे वाचून आधी मला हसूच फुटलं. जन्मभर दवाखान्याच्या चादरी धुतलेली बाई माइकसमोर उभी राहून काय बोंब मारणार? पण ते पत्र मी उशीखाली घेऊन झोपले, हेही सांगून टाकते. ताटलीची गोष्ट सांगायचीच, असं तू दोनदा बजावलंयस.

ताटली अजून आहे, कडेला पोचा आलेली तीच. तू सात वर्षांची होतीस. जिभेचं टोक बाहेर काढून तू आमच्या अर्जाच्या कागदावर तिच्याभोवती पेन्सिल फिरवलीस, आणि आम्ही एकोणीस जणींनी त्या रेघेवर गोलाकार सह्या केल्या. पहिली सही कुणाची, शेवटची कुणाची, साहेबाला कळू नये म्हणून. बिचाऱ्याने कागद इतका फिरवून फिरवून वाचला की त्याची मान धरली, असं मी समोरच्या मावशीला सांगितलं तेव्हा ती हसून हसून लोळली होती. त्या कागदावर आम्हांला जाड हातमोजे मिळाले. मी पाळीवर असले की तू मावशीकडेच जेवायचीस, तिथेच झोपायचीस. सख्खी नाही, पण तुला वाढवलं तिनेच, मी फक्त जन्म दिला.

आता धुलाईघरात कायम अशा आम्ही चौघीच उरलोय. बाकी एकवीस जणी कंत्राटी, त्यांत आपली मावशीही. यंत्रं तीच, चादरी त्याच, त्यांवरचं रक्तही तेच, पण आमचे मोजे जाड आणि त्यांचे एका पाळीत फाटणारे. कंत्राटदाराचा माणूस दर महिन्याला येऊन सांगतो की आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंब कसलं डोंबलाचं! त्याच्या घरी बायकोला एक आणि वहिनीला एक अशी दोन प्रकारची ताटं वाढतात का, विचारायला हवं एकदा.

दोन महिन्यांपूर्वी एका गाठोड्यात वॉर्डातली सुई राहून गेली आणि ती मावशीच्या अंगठ्यात घुसली. तपासण्या झाल्या. निकाल येईपर्यंत तिने आपल्या सासूला स्वतःच्या हाताने भरवलं नाही, म्हातारी अंथरुणाला खिळलेली असूनही. निकाल चांगला आला, पण तपासणीला गेली त्या दिवसाचा तिचा खाडा लावला. माझं डोकं सटकलं. मी सगळ्यांना गोळा केलं. मागणी एवढीच, आमच्यासारखे जाड मोजे त्यांनाही द्या. तुझी ताटली घेतली, गोल काढला, एकवीस सह्या झाल्या.

कंत्राटदाराच्या ऑफिसात तुझ्याच वयाची एक मुलगी बसते. ती गोड बोलून म्हणाली की असा कागद चालत नाही, छापील फॉर्मवर नंबरवार नावं लागतात आणि फक्त कंत्राटी कामगारांचीच. मी फॉर्म घरी आणला. एक नंबरला मी मावशीचं नाव घातलं. सुई तिला टोचली, मान तिचा, असं माझ्या मनात आलं. छान वळणदार अक्षरात लिहिलं गं. तिच्याखाली कंत्राटीतल्याच त्या चौघी घातल्या, ज्या सगळ्यात तावातावाने बोलल्या होत्या. इतकी वर्षं गोल कशासाठी काढला, ते नेमकं त्या घडीला मी विसरले.

सोमवारी पहिल्या पाच जणींना गेटवरूनच परत पाठवलं. काम कमी झालंय म्हणे. उरलेल्या सोळा जणी एकेक करून माझ्याकडे आल्या, आमचं नाव खोडा म्हणाल्या, आणि मी त्यांच्यावर रागावले नाही. मग मी वणवण केली. दवाखान्याचे साहेब म्हणाले, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, दवाखान्याला विचारा. युनियनच्या ऑफिसात दोन खुर्च्या आणि गेल्या वर्षीचं कॅलेंडर आहे. ज्यांची पत्रकं आपण दोघींनी दारोदार वाटली होती, त्या निवडून आलेल्या भाऊंनी आमच्याबरोबर फोटो काढला. मावशी मला एका शब्दाने बोलली नाही. चांगल्या चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी येऊन माझ्याजवळ नुसती बसायची, अंगठा चोळत.

तुझं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या माणसाने मला बोलावून एक कागद पुढे सरकवला. बायकांना अर्जातलं काही कळत नव्हतं, मीच त्यांची दिशाभूल केली, मोज्यांबद्दल कुणाचीही तक्रार नाही, असं त्यावर टाइप केलेलं होतं. सही केलीस तर पाचही जणी कामावर, नाहीतर ते गेट त्यांना कायमचं बंद. छकुले, मी सही केली. मावशी परत आली, पण नवीन म्हणून. तिची आठ वर्षं पुसली गेली, मोजे तेच पातळ. माझ्या जोडीतला उजवा मोजा मी तिला दिलाय, सुपरवायझर आला की ती हात चादरीखाली घालते. असल्या बाईला तुझ्या पुस्तकांत काय म्हणतात ते मला माहीत आहे. एके काळी मीही म्हणायचे, मोठ्या आवाजात. कुणी दुसऱ्याने सांगण्याआधी तुला ते माझ्याच अक्षरात कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. मी यायची नाही. ताटलीची गोष्ट तू खुशाल सांग, ती खोटी नाही. पण आई आता काय करते असं कुणी विचारलं तर चादरी धुते म्हण. त्या नव्या कागदावर गोल नाही गं. एकच सही आहे, माझी.

उजव्या हाताला पातळ मोजा घालणारी,
तुझीच आई