चांगुणाबाईंच्या फोनमधला शेवट

खांदेश्वर, रविवार

प्रिय अभिराम,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरशील, मग उघडशील. मेल केला असता, पण मेलच्या दोन ओळी वाचून तू पुढचं सोडून देतोस. ही खोड एव्हाना अस्मितालाही कळली असेल. लग्नाचे फोटो पाहिले. शेरवानी खांद्यात ढगळ होती, बाकी छान दिसत होतास.

काल जुन्या पत्त्यावर आलेलं टपाल आणायला गेले होते. आपल्या फ्लॅटमध्ये आता शिकवणी चालते. 'खाजण गेम्स'ची पाटी गेली, चार खिळे तसेच आहेत. आपला पहिला गेम आठवतो? त्यातला खेकडा भिंतीत शिरायचा आणि बाहेरच यायचा नाही. दोनशे जणांनी तो डाउनलोड केला, त्यातले निम्मे तुझे मावसभाऊ. मग 'मिठागर' सुरू केलं. स्वयंपाकाला येणाऱ्या चांगुणाबाईंनी एकदा मागून डोकावून, मीठ असं ओढत नाहीत, असं सुनावलं आणि फरशी पुसायचा दांडा घेऊन हॉलभर करून दाखवलं. लहानपणी मिठागरात राबलेली बाई ती. तेव्हापासून नियमच पडला, गेममध्ये काहीही बदललं की आधी त्यांच्या फोनवर. तो तडा गेलेला फोन जे चालवेल ते कुठेही चालेल, आणि त्या जिथे अडतील तिथे चूक आपली. पाच वर्षांत आपण हा नियम मोडला नाही. श्रेयनामावलीत त्यांचं नाव घालायचं मात्र राहूनच गेलं.

गेमच्या शेवटावरून आपलं फाटलं. आपल्या नायिकेचा, मिठागरातल्या त्या बाईचा, खाडीत गेलेला नवरा परत येतो की नाही? तू म्हणायचास, येत नाही. मी म्हणायचे, यायलाच हवा. त्या भांडणात गेम किती आणि आपण दोघं किती, हे तुला कळत होतं आणि मलाही. तू बंगळूरच्या नोकरीला होकार देऊन बसला होतास. निघताना एवढंच म्हणालास की चांगुणाबाईंच्या फोनवर एकदा खेळून बघ. मी नाही बघितलं. उलट रागाच्या भरात स्टुडिओतले सगळे कॉम्प्युटर पुसून विकून टाकले. खेकडा, मिठागर, पाच वर्षांचं सगळं काम. तुझी जिरवली असं वाटलं होतं तेव्हा. इतकी मूर्ख मी.

चांगुणाबाई अजून त्याच बिल्डिंगमध्ये कामाला येतात. काल त्यांनी जिन्यातच गाठलं आणि तोच फोन पुढे केला. पायरीवर बसून मी शेवटपर्यंत खेळले. नवरा आला, अभिराम. तू आणलंस त्याला. होडीतून उतरला, गुडघाभर पाण्यात थांबला आणि स्क्रीनवर तुझी ओळ आली, "मी थांबतो. पुढचं जागृती ठरवेल." त्यापुढे काहीच नाही. तू दोन वर्षांपूर्वी मला विचारून गेला होतास आणि मी ते काल वाचलं. तुझ्या लग्नाला तीन महिने झाले. मी तिथेच रडत बसले, शिकवणीची मुलं बाजूने वर जात राहिली. चांगुणाबाई पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, दोन वरसं तो बिचारा पान्यात उभा हाय. आता तरी सांग, ती त्याला घरी नेते का नाय?"

म्हणून हे पत्र. अस्मितालाही वाचू दे, लपवण्यासारखं आता काही उरलं नाही. तुझ्या जुन्या लॅपटॉपवर 'मिठागर'च्या मूळ फाइल्स असतील तर पाठव. तुला उत्तर द्यायची वेळ मी घालवली. चांगुणाबाईंना अजून देता येईल. मी लिहीन की ती बाई हातातलं काम टाकून पाण्यात उतरते, त्याचा हात धरते आणि त्याला घरी घेऊन येते. त्या दिवशी तोंडाने विचारलं असतंस, तरी मी हेच लिहिलं असतं.

आता फक्त एवढ्या एका कामापुरती,
तुझीच,
जागृती