अर्जाची पोच

गुरुजी, तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं तुमच्या ध्यानीमनीही नसेल. कोल्हारातल्या आमच्या अख्ख्या आळीची पत्रं तुम्ही लिहिलीत, आलेली सगळी तुम्हीच वाचून दाखवलीत, आणि तुम्हाला मात्र कोणी चार ओळी पाठवल्या नाहीत. म्हणून म्हटलं, तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असली तरी आपण लिहू. अक्षर माझं नाही. मी अजून होते तशीच आहे, अंगठ्यावरच माझं सगळं चालतं. लिहितेय माझी नात, लेकीची लेक. बारावी कॉमर्सला आहे आणि शाळेसाठी माझ्याकडे राहते. तिला म्हटलं, "मी बोलते तसंच लिही." तर म्हणते, "आजी, मी नीट मराठीत लिहिते, टोमणे तेवढे तुझे तसेच ठेवते." तेव्हा शुद्धलेखन तिचं आणि टोमणे माझे, असं समजून वाचा. चष्मा लावून वाचा. घाई करू नका, तुम्हाला आता कुठं जायचंय.

मागच्या महिन्यात तुमची सून घर आवरायला आली होती. ती मंडळी आता पुण्यालाच राहणार म्हणे, म्हणून इकडचं सगळं काढून टाकायचं होतं. तुमची लोखंडी पेटी तिनं ओसरीवर उपडी केली. रद्दीत घालता घालता एक कागद तिनं बाजूला काढला आणि माझ्या घरी आणून दिला. "मावशी, ह्यावर तुमचं नाव दिसतंय. बघा कामाचा असला तर." भली बाई आहे, तिला काय ठाऊक. नातीनं वाचायला घेतला आणि निम्म्यात थांबली. म्हणाली, "आजी, हा आईचा अर्ज आहे." दहावी झाल्यावर माझ्या लेकीला नगरच्या कॉलेजात कॉमर्सला जायचं होतं, त्याच्या शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा अर्ज. तिचे मार्क लिहिलेले, खाली माझा निळा अंगठा, अंगठ्याशेजारी तुमची सही. आणि वरच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं तुमच्याच अक्षरात एक ओळ: वडिलांशी बोलणे झाले, मुलीचे लग्न ठरत आहे, पाठवू नये. ती ओळ मी नातीकडून चार वेळा वाचून घेतली. दर वेळी तीच निघाली. तुम्ही आम्हाला सांगितलं होतंत की नंबर लागला नाही.

अंगठा दिला तो दिवस मला आजही दिसतो. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले आहे. काकूंसाठी मेथीच्या दोन जुड्या आणल्यात. काकू सुपात भाजलेले शेंगदाणे चोळून सालं पाखडतायत, आणि ती सालं उडून माझ्या लुगड्यावर येतायत. तुम्ही शाईचं पॅड घेऊन येता, कागद पाटावर ठेवता आणि बोट दाखवता, इथं दे. मी विचारते, "काय ल्हिलंय गुरुजी?" तुम्ही म्हणता, "पोरगी हुशार आहे असं लिहिलंय." मी म्हणते, "आन त्याच्या खाली?" तुम्ही काकूंकडे बघता आणि हसता. "बाई, वाचून दाखवलं तर कळणार आहे का तुला? इतकी वर्षं आम्ही करतोय ते काय उगीच?" काकू हसल्या. आणि गुरुजी, मीही हसले. तुमच्या हसण्याचा राग परवडला, माझ्या हसण्याचा राग अजून जात नाही. अंगठा दिला, बोट पदराला पुसलं आणि उठताना तुम्हाला वाकून नमस्कारही केला.

त्या दिवशी अर्ज पाठवायचाच असं तुमच्या मनात होतं, एवढं मी मान्य करते. पेन्सिलीची ओळ नंतरची आहे. नंतर कधीतरी आमचे मालक तुम्हाला पारावर भेटले असतील, म्हणाले असतील की स्थळ आलंय, पोरीला कुठं पाठवता. आणि तुम्हाला वाटलं असेल, आता बाईला खरं सांगितलं तर घरात भांडण होईल, त्यापेक्षा नंबर लागला नाही म्हणू, म्हणजे सगळे गप्प. मालकांशी माझं भांडण वेगळं आहे. तेही आता तिकडेच आहेत, ते मी आल्यावर बघीन, त्यांना तसं सांगून ठेवा.

पण तुमची ही खोडच होती. जामखेडहून माझ्या भावाचं पत्र आलं होतं, आठवतं का? तुम्ही ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलंत, सगळे खुशाल आहेत, पाऊस नाही, म्हैस व्याली. मी म्हशीचं ऐकून आनंदानं घरी आले. आई अंथरुणाला खिळली आहे आणि मला बघायचं म्हणते, हे तुम्ही मालकांना तेवढं बाजूला घेऊन सांगितलंत, आणि मालक म्हणाले, कांदा काढून झाला की बघू. मी पोचले तेव्हा आई मला ओळखत नव्हती. माझ्या हाताला वहिनीचा हात समजून बोलत होती. परत आल्यावर मी तुमच्या दारात आले तर तुम्ही म्हणालात, "तू रडली असतीस ना, म्हणून नाही वाचलं." रडले असते तर रडले असते. ते रडणं माझं होतं, गुरुजी. तुम्हाला कोणी म्हटलं होतं ते काढून ठेवायला? लोक तुम्हाला देवमाणूस म्हणायचे, कारण तुमच्या ओसरीवर वाईट बातमी कधी यायचीच नाही. यायची कशी, तुम्ही तिला दारातच अडवायचात.

आता लेकीचं ऐका. तुम्ही नंबर लागला नाही म्हणालात, त्या दिवशी तिनं चुलीपुढं बसून घरभराच्या भाकरी केल्या. एकही करपली नाही. मग उठून पुस्तकं भावाच्या शेल्फावर नेऊन ठेवली. आज ती राहात्याला आहे, पेरूची बाग आहे, घर मोठं आहे, जावई शांत आहे, काही कमी नाही. पण नात लहानपणी काही अडलं म्हणून विचारायला गेली की तिचं एकच, "बाबांना विचार. माझं डोकं न्हाई चालत त्यात. चाललं असतं तर नंबर न्हाई का लागला असता?" तीस वर्षं माझी लेक हेच धरून बसली आहे. दहावीला वर्गात पहिली आलेली पोर. आणि तिच्या लग्नात तुम्ही तिला काय दिलंत, तर शाईचं पेन, डबीसकट. अक्षता पडल्यावर चार माणसांत म्हणालात, हिचं अक्षर फार सुंदर आहे. अर्ज तेव्हा तुमच्या पेटीत होता. पेन देताना हात कसा अडखळला नाही तुमचा? सासरी ती त्या पेनानं काय लिहिणार होती, उसाच्या पाचटावर?

हे सगळं माझ्या मनात इतकं का घोळतंय तेही सांगते. नातीच्या शाळेत कॉमर्सच्या पोरापोरींनी बिझनेस क्लब काढलाय. धंदा कसा करायचा ते शिकायचं आणि थोडा करायचाही. मागं त्यांनी आठवडे बाजारात टेबल मांडलं, वर पांढरी चादर, चादरीवर पेरूच्या जेलीच्या बाटल्या, पुठ्ठ्यावर भाव. पोरं टेबलामागं हाताची घडी घालून उभी आणि बाया लांबूनच बघून पुढं चाललेल्या. मी माझ्या पोत्यावर कोथिंबीर घेऊन बसले होते. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "टेबलामागं साहेब बसत्यात रं. साहेबाकडं आपनहून कोन जातं? खाली बसा, बाटली उघडा, चाखायला द्या." बसली बिचारी पोत्यावर. दुपारच्या आत बाटल्या संपल्या. त्यावर त्यांच्या सरांनी मला क्लबच्या कार्यक्रमाला पाहुणी म्हणून बोलावलं. पहिल्यांदा शाळेत खुर्चीवर बसले, गुरुजी. तुमच्या शाळेत मी फक्त सारवायला आले होते.

त्या कार्यक्रमाला नगरहून एक मॅडम आल्या होत्या. अहिल्यानगर म्हणायचं आता, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. पुढं कॉलेजला कसं जायचं, शिष्यवृत्ती कशी मिळवायची, ते पोरांना सांगायला आल्या होत्या. बाई चांगली बोलली. निकालाची वाट बघत बसू नका, म्हणाली, उत्पन्नाचा दाखला आत्तापासून मागा, तहसिलात चकरा पडतात. मैत्रीण जाते म्हणून त्याच कॉलेजला जाऊ नका, राहायचं कुठं ते आधी बघा. अर्जात स्वतःबद्दल लिहायचं असतं तिथं मोठमोठे शब्द घालू नका, बाजारात तुमचं टेबल कसं फसलं ते लिहा, तेच वाचणाऱ्याला आवडेल. माझ्याकडे बघून पोरं हसली. आणि मग म्हणाली, "अर्ज मोबाईलवर भरलात तर शेवटचं पान छापून ठेवा. हातानं दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका." एक मुलगी उठली. "मॅडम, आमचे सर सगळ्यांचे अर्ज एकदमच घेऊन जाणारेत, मग?" सर शेजारीच बसले होते. मॅडम त्यांच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "सर चांगलेच आहेत. तरी पोच मागा."

मला धंद्याबद्दल दोन शब्द बोला म्हणाले होते. मी उभी राहिले आणि विचारलं, "ती पोच कशी आसती, मला दाखवता का?" मॅडमनी पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. एवढीशी चिठ्ठी, बसच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी, वर जांभळा शिक्का. मी ती उलटीसुलटी करून बघितली. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल. एवढीशी चिठ्ठी मागायची असते हे त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर मी तुमच्या ओसरीवर ठाण मांडून बसले असते. पण सांगणारे तुम्हीच होतात.

नगरच्या कॉलेजसाठी नातीचा शिष्यवृत्तीचा आणि वसतिगृहाचा अर्ज तिनं भरून आणला तेव्हा मी तो पहिल्या ओळीपासून वाचायला लावला. मागच्या बाजूचे छापील नियमसुद्धा. म्हणाली, "आजी, ते सगळ्या अर्जांवर सारखेच असतात, त्यात काही नसतं." म्हटलं, "नसूं दे. वाच." वैतागली, पण वाचले. स्थानिक पालक म्हणून माझा अंगठा होता, तो सगळं ऐकून झाल्यावर दिला. मग सरांना म्हटलं, हिचा मी घेऊन जाते, राग मानू नका. एस.टी.नं आम्ही दोघी नगरला गेलो. खिडकीवरच्या माणसानं मला बघून विचारलं, "आजी, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?" म्हटलं, "कागद आत गेल्यावर कुठं ठिवता ते बघाया." त्यानं हसत हसत गठ्ठा दाखवला, नातीचा अर्ज त्यात ठेवला, शिक्का मारून पोच दिली. अर्ध्या घटकेचं काम. परत येताना ही खिडकीशी बसून झोपली आणि मी सगळ्या रस्त्यानं तुमच्याशी भांडत आले.

येत्या रविवारी लेक येणार आहे. नात म्हणते, "आईला हा अर्ज दाखवायचाच. तू सांग, नाहीतर मी सांगते." मी रोज म्हणते सांगू, आणि रोज काहीतरी काम काढते. ही म्हणते, "तू गुरुजींना घाबरतेस का अजून? का आजोबांचं नाव खराब होईल म्हणून?" तसं काही नाही. तुमचं नाव राहिलं काय आणि गेलं काय, मला त्याचं आता सोयरसुतक नाही, आणि मालकांना तर लेक ओळखूनच आहे.

मी थांबले आहे ते एका प्रश्नासाठी. लेक अर्ज वाचील आणि वर बघून विचारील, "आई, तुला तवा खरंच वाटलं का, माझा नंबर लागला न्हाई म्हून?" आणि मला तिच्यापुढं खोटं बोलता येत नाही. वाटलं नव्हतं, गुरुजी. तुम्ही ते सांगताना माझ्याकडे न बघता चष्म्याची काच पुसत होतात. तेव्हाच मला कळलं होतं की तुम्ही काहीतरी गाळताय. एस.टी. तेव्हाही होती, नगर तेव्हाही तासा-दीड तासावर होतं, कॉलेजच्या दारात जाऊन विचारायला अक्षर लागत नाही. पण त्या साली माझी कंबर धरली होती. भाजीची पाटी माझ्या डोक्यावर चढत नव्हती, ती लेक वाहायची. बाजारात पोतं तीच अंथरायची, मी नुसती शेजारी बसायचे. ती नगरला गेली असती तर मी काय केलं असतं, हे माझ्या मनात आलं. तुम्ही नंबर लागला नाही म्हणालात, आणि मला बरं वाटलं. मी फक्त "बरं" म्हणाले आणि घरी आले.

नातीनं लिहिणं थांबवलंय आणि माझ्याकडे बघतेय. विचारते, "आजी, हेही लिहू?" म्हटलं, लिही. पाकिटात मात्र घालू नकोस, रविवारी अर्जाशेजारी ठेव, तुझी आई वाचील.