मागच्या डब्याचं दार

ती. बाबांना,
सेंदाईहून चिझुरूचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवतेही वेळेवर.

रविवारी न कळवता आले होते. आपल्या स्टेशनात तिकीट घ्यायला माणूस नसतो, म्हणून फक्त चालकाजवळचं, पुढच्या डब्याचं दार उघडतं, हे शहरात राहून विसरले आणि मागच्या डब्यात दाराशी उभी राहिले. "फलाटावरचा बर्फ हल्ली शेजारचा काझुमा काढतो," म्हणाला होतात ना फोनवर? फावडं तर तुमच्याच हातात होतं!

मी काच बडवत होते. तुम्ही थेट माझ्याकडे बघितलंत आणि परक्या प्रवाशाला करावा तसा वाकून नमस्कार केलात. गाडी सुटली.

डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणता, ते कुठल्या डोळ्याचं?

शनिवारी पुढच्या डब्यातून उतरते. फावडं घरी ठेवा. ओळखलं नाहीत तरी चालेल, मीच हाक मारेन.

तुमचीच,
चिझुरू