काचेवरचा टिळा

वडनेर, गुरुवार

श्री. हरिभाऊंस,

साडूबुवा, नमस्कार घ्या, अर्धा सुमतीबाईंना द्या. तुमचा खोकला कसा आहे? दवाखाना हाकेवर असून तुम्ही काढा पीत बसता, हे कोकिळेनं मला चारदा ऐकवलं (तिच्या बहिणीच्या नवऱ्याच्या खोकल्याला मी कसा जबाबदार, हे एक्केचाळीस वर्षांच्या संसारात मला उमगलं नाही). इकडे कपाशी बरी आहे, गुडघे कुरकुरतात, आणि मी थकलो आहे.

थकण्याचं कारण तुमच्याच घरातलं. तुमच्या लेकीच्या, ईराच्या हापिसानं दोन वर्षांपूर्वी आमच्या पडीत वावरात खांब रोवला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर काचेच्या दोन वाट्या. वरची आभाळाकडे तोंड करून सूर्य किती देतो ते मोजते, खालची जमीन किती परत करते ते मोजते. रोज साडेदहाच्या सुमारास वरून त्यांचं यान जातं, तेही हेच मोजतं, मग दोघांचे आकडे जुळवतात. यानाची नजर वयोमानानं मंदावते आणि चष्म्याचा नंबर काढायला वर कोणी जाऊ शकत नाही, म्हणून नंबर आपल्या वावरावरून काढायचा. (हे सगळं कशाला, तर पृथ्वी किती तापते ते कळायला. मे महिन्यात वडनेरला येऊन उभं राहा म्हणावं.) माझं काम एवढंच, की सकाळी काच पुसायची आणि वहीत 'पुसली' लिहायचं. सातवी शिकलेल्या माणसाच्या फडक्यावर एवढं मोठं यान अवलंबून आहे, हे मी कोणाला सांगत नाही. फक्त पारावर, बाजारात आणि एसटीत सांगतो.

दसऱ्यापासून आकडे बिघडले. दिवसभर सगळं ठीक, पण नेमकं दहा ते अकरा वरची वाटी ऊन कमी दाखवते. ईराचे फोनावर फोन. मावसाजी, झाडाची सावली पडते का? नाही. तार आहे का? नाही. पाखरू बसतं का? आता कोणतं पाखरू रोज साडेदहाला हजेरी लावेल, पण तिच्या समाधानासाठी मी तीन दिवस वावराच्या धुऱ्यावर छत्री घेऊन बसलो (छत्रीची सावली खांबापासून लांब ठेवून, एवढं मला कळतं). पाखरू नाही. मी प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. टिळा आहे का, असं कोणी विचारलंच नाही.

त्याचं असं झालं. दसऱ्याला आपण अवजारं पुजतो. डवरा झाला, फवारणीचा पंप झाला, शिलाई मशीन झाली. कोकिळा ताट घेऊन उभी. म्हणाली, "अन् त्या खांबाले काऊन वगळता? तो का काम नाई करून राह्यला?" लावला तिनं वरच्या काचेला कुंकवाचा टिळा, तेलात कालवून, पक्का. आणि लावला तो नेमका आग्नेयेच्या अंगाला, जिकडून दहा वाजता ऊन येतं. आता पूजेचा टिळा फडक्यानं कसा पुसावा? मी रोज काच चकचकीत पुसली, टिळ्याला वळसा घालून. वहीत लिहिलं ते खोटं नाही.

काल ईराचा पुन्हा फोन आला. पोरीचा आवाज पार उतरलेला. साहेब म्हणतात, खोट जमिनीवरच आहे, वडनेर वगळा. ही म्हणाली, "मावसाजी, मी त्याईले सांगतलं, तिथं तुम्ही आहा, जमीन चुकणार नाई. यानच बिघडलं असं लिहून सोमवारी सही करून राह्यली." तिची पहिली सही, हरिभाऊ, आणि ती माझ्या फडक्याच्या भरवशावर! खरं सांगायला तोंड उघडलं, तर "कपाशी बरी आहे" एवढंच बाहेर पडलं. रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. म्हणून हे पत्र. शेजारचा प्रेमदास गुडघा दाखवायला तुमच्या सावंगीच्या दवाखान्यात निघाला आहे, त्याच्या हाती देतो.

तुमचा,
महादेव

ता. क. ईरा शनिवारी घरी येते आहे ना? सही व्हायच्या आत हे तिला वाचून दाखवा. आणि एक दुरुस्ती. कोकिळा फक्त बोलली होती. ताट मी घेतलं, टिळा मी लावला, वर हातही जोडले. आज सकाळी पुन्हा हात जोडले आणि पुसून टाकला. आजचा आकडा तिनं पाहावा. रागावली तर रागावू द्या, पण काच पुसायचं काम दुसऱ्याला देऊ नको म्हणावं. सकाळी उठून जायला मला दुसरं ठिकाण नाही.

आणखी ता. क. प्रेमदास चपला घालून उभा आहे, तेवढ्यात कोकिळेनं पत्र वाचलं. आपलं नाव गोवलं म्हणून रागावली नाही. एवढंच म्हणाली, "अन् खालचा पुसला का?" खालची काच जमिनीकडे तोंड करून, तिच्यावर धूळ कशी बसणार, म्हणून मी कधी तिच्या वाटेला गेलो नाही (वाकावंही लागतं). ती दोन वर्षं कोकिळाच पुसते आहे, मला न सांगता. आणि वरच्या काचेला एकटीलाच टिळा मिळाला तर खालचीला वाईट वाटेल, म्हणून दसऱ्याला तिनं तिथंही लावला. तेव्हापासून तीही रोज पुसतेच आहे, टिळ्याला वळसा घालून. आता फडकं घेऊन वावरात गेली आहे. ईराला म्हणावं, आजचे आकडे धरू नको, उद्याचे धर.