नावाचा कौल

बडोदे,
८ नोव्हेंबर २००३

ती. स्व. भावोजींस,
ज्ञानेश्वरीचा सा. न. वि. वि.

दिवाळी तुमच्याकडे नव्हतीच, आमच्याकडेही दिवे तेवढे लावले. ताई गेल्यानंतरची पहिलीच. फोनवर तुम्ही "हं" आणि "बरं" यांच्या पुढे जात नाही, म्हणून कागद घेतला.

बातमी बरी नाही. ताईचं "माजघरातला देव" इंटरनेटवरून गेलं. आमच्या अनिलने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कॉम्प्युटर उघडला, तर ताईच्या मासिकाच्या जागी परदेशी माणसांचे फोटो, सगळी लोकरीचे स्वेटर घालून हसतायत. त्याला वाटलं भलतंच काही दाबलं गेलं. मी म्हटलं, अरे, मोक्षावरचा लेख कुठाय? इथे तर स्वेटर विकायला ठेवलेत. मग त्याने शोध घेतला. इंटरनेटवर नाव आपल्या मालकीचं नसतं, मुदतीवर घेतलेलं असतं. मुदत वाढवायच्या सूचना ताईच्याच ई-मेलवर जात असणार. ती नसताना त्या बघणार कोण? आता ते नाव भलत्याच माणसाने घेतलं.

लेख सगळे अनिलकडे शाबूत आहेत. ताईने देऊन ठेवलेल्यांतला एकेक तो दर महिन्याला घालत होताच. फक्त नवीन नाव हवं. त्याच्या मनात "गंगास्मृती" आहे. पहिल्या पानावर ताईचा फोटो, चंदनाचा हार, खाली "कै." आणि तारखा. तीनशेचाळीस वाचकांना आपण अजून काहीच कळवलेलं नाही, हे बरं दिसत नाही. आमच्या ह्यांनी "मोक्ष मार्गदर्शक" सुचवलंय. मी म्हटलं, दहावीचं गाइड वाटतं. तेव्हापासून बोलत नाहीत.

तुम्ही हो म्हणाल तेच नाव ठेवू. लोभ असू द्यावा, आणि उत्तर चार ओळींहून मोठं असू द्यावं.

तुमची,
ज्ञानेश्वरी


पूर्णगड,
१७ नोव्हेंबर २००३

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. मजकूर कळला.

इकडे ठीक आहे. भात झोडून झाले. जेवणाची काळजी करू नये. सकाळी भात लावतो तो दोन्ही वेळा होतो. शेजारच्या सोनूबाई मधून मधून कालवण आणून देतात आणि मी जेवतो की नाही हे बघत दारात उभ्या राहतात.

नावाविषयी. घाई नको. घरात वर्षभर शुभकार्य करता येत नाही. नाव ठेवणे म्हणजे बारसे आणि बारसे शुभकार्यात मोडते. सबब वर्ष पुरे होईपर्यंत मासिक आहे त्या स्थितीत, म्हणजे बंद, ठेवावे. स्वेटरवाल्यांशी अनिलने भांडू नये.

फोटोविषयी म्हणशील तर तिला फोटो काढलेला आवडत नसे. हार नकोच. ते "कै." छापण्याचीही घाई करू नये. वाचकांचे काही अडलेले नाही.

अनिलला आशीर्वाद. सर्वांनी जपून असावे, आणि माझ्यावर आहे ती माया कमी होऊ देऊ नये.

हरिश्चंद्र


बडोदे,
५ डिसेंबर २००३

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. बारसं म्हणालात तर बारशाला कान लागतो. मॉनिटरच्या कोणत्या बाजूला "कुर्र" करायचं, आणि आत्या कुठून आणायची, तेही कळवा. बत्तीस वर्षं भूमी अभिलेख कचेरीत काढलेल्या माणसाने अशी पळवाट काढावी म्हणजे कमाल आहे.

तरी तुमचा मान राखून एक मार्ग सुचवते. आपल्याकडे विहीर कुठे खणायची इथपासून क्रिकेटचा कप्तान कोण इथपर्यंत सगळं ग्रामदेवीला कौल लावून ठरतं. मग हेही तिलाच विचारा. ती हो म्हणाली तर सुतकाचा प्रश्न उरत नाही. सखाराम गुरवांकडून कौल लावून घ्या. नावं पाच आहेत: गंगास्मृती, मोक्ष मार्गदर्शक (घातलं, घरात शांतता हवी), चैतन्यधारा, अमृतकण, आणि शेजारच्या बेनांनी आग्रहाने दिलेलं परमानंद पथ.

लवकर कळवावं. अनिल रोज विचारतो. तुमच्या आशीर्वादाच्या आणि निकालाच्या वाटेकडे डोळे लावून आहोत.

ज्ञानेश्वरी


पूर्णगड,
२० डिसेंबर २००३

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्याप्रमाणे रविवारी, दिनांक १४ रोजी, सकाळी साडेनऊला देवळात गेलो. सखारामने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे तू जाणतेसच. निकाल असा.

गंगास्मृती: डावी. मोक्ष मार्गदर्शक: डावी, प्रश्न पुरा होण्याआधी. चैतन्यधारा: उजवी अर्धी सुटली आणि गंधाला अडकली. अर्धा तास थांबलो. बाहेर माणसे जमली. मग डावी पडली. अमृतकण: दोन्ही एकदम पडल्या. असे गावात पूर्वी एकदाच, होड्या ओढायच्या जागेच्या वादात झाले होते, असे जुनी माणसे म्हणाली. परमानंद पथ: काहीच पडले नाही. देवीला गुजराती नाव कळले नसावे असे सखारामचे मत पडले.

एकंदरीत आईची इच्छा दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा विचारता येईल.

आंब्याला मोहोर चांगला आहे. तुम्हां सर्वांची आठवण होते, तुम्हीही ठेवावी.

हरिश्चंद्र


पूर्णगड,
६ जानेवारी २००४

सौ. ज्ञानेश्वरीताईंस,
सखाराम गुरवाचा रामराम.

तुमचं पत्र मिळालं. अंगारा सोबत घातला आहे. तुम्ही विचारलंत की दोन्ही कळ्या एकदम पडल्या त्याची काही शांत करावी लागेल काय. ताई, कसल्या कळ्या? हरिश्चंद्रभाऊंनी कौल लावलाच नाही.

म्हणजे येतात ते रोज. खालच्या पायरीवर बसतात, चपला काढत नाहीत. मी म्हणतो, आत या की. ते म्हणतात, वर्ष व्हायचंय. त्या रविवारी हातात कागद होता. तासभर बघत बसले, मग घडी करून खिशात टाकला आणि माझ्या गाईला चारा पुरतो काय ते विचारून गेले. माझ्याकडे गाय नाही.

आणि देवीला गुजराती कळत नाही असं मी कधी बोललो नाही. तिला सगळ्या भाषा कळतात. गेल्या साली एका मद्रासी खलाशाला तिने पहिल्या झटक्यात उजवी दिली. हे लोकांत पसरलं तर माझी पंचाईत होईल.

भाऊंना ओरडू नका. माणूस चांगला आहे. देवीची कृपा तुमच्यावर राहो, तुमची गावावर राहो.

सखाराम


बडोदे,
१७ जानेवारी २००४

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एवढं लांबलचक आलं तेव्हाच मला संशय आला होता. सखाराम गुरवांनी उरलेलं सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका, आणि त्यांना गाय नाही हे लक्षात ठेवा.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. ताई हर्ण्याच्या शाळेत होती तेव्हा तिच्या हाताखाली शिकलेली मरियम आता मस्कतला असते. तिने अनिलला ई-मेल केला, की बाईंची तब्येत बरी आहे ना? आधी आत्म्याविषयी विचारलं की चार पानं यायची, हल्ली येतं, "आपले पत्र मिळाले. मजकूर कळला. आत्म्याविषयी चौकशी करून कळवते. वेळेवर जेवत जावे." आणि म्हणते, खरं सांगायचं तर मला हेच जास्त उपयोगी पडतं.

तेव्हा अनिलने ताईची टपालपेटी उघडली. पासवर्ड त्यानेच ठेवलेला, पण मावशीचं खाजगी म्हणून त्याने आजवर हात लावला नव्हता. ताई गेल्यानंतर तिच्या नावाने एक्कावन्न उत्तरं गेलीत, सगळी मंगळवारी. नाव वाढवायच्या सूचनाही तिथेच होत्या, उघडलेल्या. आणि त्या परदेशी कंपनीला तुम्ही इंग्रजीत केलेला अर्ज: घरात मृत्यू झाल्याने वर्षभर नवे कार्य करता येत नाही, सबब मुदत फेब्रुवारीअखेर वाढवून मिळावी. यंत्राने आपोआप पोचेचा नंबर धाडला आणि तुम्ही अर्ज मंजूर समजून स्वस्थ बसलात. अनिल हसून हसून खाली बसला. मग उठून गॅलरीत गेला, तो बराच वेळ आत आला नाही.

भावोजी, ती माझी बहीण होती. तुम्ही तिच्या नावाने पत्रं लिहिता, तोवर मी तिच्यासाठी रडायचं कसं?

मरियम मार्चमध्ये हर्ण्याला येते आहे. तिथून बाईंना भेटायला पूर्णगडला येणार, तिकीट काढलं आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय अनिल काही छापणार नाही, खोटंही चालवणार नाही. तिला दार उघडून काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

माझा राग नाही. असता तर चहाची पूड पाठवली नसती, ती वेगळी येते आहे.

ज्ञानेश्वरी


पूर्णगड,
६ फेब्रुवारी २००४

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले, चहाची पूड मिळाली. तू लिहिलेस ते सर्व खरे आहे.

रत्नागिरीला स्टँडजवळ अयूबचे इंटरनेटचे दुकान आहे. तो कुवेतहून परत आला तेव्हा त्याच्या जागेचा नकाशा मी काढून दिला होता. ती गेल्यावर महिन्याने, पेटी बंद करावी म्हणून, तिच्या वहीतला पासवर्ड घेऊन गेलो, तर बारा पत्रे येऊन पडली होती. उत्तर न देणे बरे वाटले नाही. मी सांगत गेलो, अयूब टंकलिखित करत गेला. तो पहिल्या दिवसापासून मी खुर्चीत बसलो की विचारी, "गंगावहिनी आज काय म्हणतायत?" दुसरे कोणी असे विचारत नव्हते. बाकीचे सगळे ती गेल्याबद्दल बोलत. त्या प्रश्नासाठी मी दर मंगळवारी दीड तास एस.टी.ने जात होतो.

सोमवारी तिथीने वर्षश्राद्ध झाले. बुधवारी चपला काढल्या आणि आत गेलो. या वेळचे खरे लिहितो, सखारामला विचारून घ्यावे. पाचही नावांना डावी पडली. मोक्ष मार्गदर्शकला खरोखरच प्रश्न पुरा होण्याआधी. हे यजमानांना सांगू नये. गंगास्मृतीला मी दोनदा लावायला सांगितली, दोन्ही वेळा डावी. सखारामची जेवणाची वेळ टळत होती. तो वैतागून म्हणाला, "मग काय गे आये, बिननावाचंच चालवायचं हाय काय?" आणि उजवी पडली. त्याने प्रश्न मागे घेऊन बघितला. तो मागे घेता येत नाही, असे जमलेल्या माणसांनी सांगितले.

तेव्हा मासिकाला नाव नाही. अनिल म्हणेल, कॉम्प्युटरवरच्या पट्टीत काहीतरी टाइप करावेच लागते. नाव नसले तरी पत्ता असतो, म्हणून त्याने आपल्या गावाचा पिन कोड घालावा. तो कोणी घेतला असेल तर टपाल खात्याकडे तक्रार करता येईल.

पहिल्या पानावर फोटो नको. एवढेच छापावे:

"या मासिकास नाव नाही. ते सुरू करणाऱ्या बाईंचे नाव गंगा होते. त्या १२ फेब्रुवारी २००३ रोजी वारल्या. त्यानंतर गेलेली उत्तरे त्यांच्या यजमानांची आहेत."

हे लिहायला तीन दिवस लागले. तू म्हणालीस ते मला आधी सुचायला हवे होते. आता तू रड. मीही इकडे आहे.

मरियमला तिच्या पत्त्यावर वेगळे पत्र टाकले आहे. अयूबकडून नाही, हाताने लिहून. पहिला कागद फाडावा लागला, सहीच्या जागी सवयीने तुझ्या ताईचे नाव पडले. दुसऱ्यावर माझे आहे. मार्चमध्ये ती आली की दार मी उघडीन आणि तिला जेवायला वाढीन. तूही चार दिवस आलीस तर बरे होईल. मला भाताखेरीज काही येत नाही.

सर्वांस आशीर्वाद. माया ठेवतेसच, आता जवळ येऊन ठेवावी.

हरिश्चंद्र