तान्ह्या पोळ्याची फ्लॉपी

३ नोव्हेंबर

बाबारावानं डबा पाठवला! स्वतः यायची हिंमत नाही. राळेगावहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला आणि रजतला फोन केला, स्टँडवरून घेऊन जा म्हणून. सख्ख्या दिराकडून चोवीस वर्षांनी काही आलं, तेही पार्सल.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत फ्लॉप्या – काळ्या, निळ्या, काहींवर पांढरी बुरशी. रजत म्हणाला, "काका स्टुडिओ बंद करून राह्यले. म्हणे, तुह्या आईले दे, तिचं काही असंन त्याच्यात."

तिचं काही! माझी लेक 'काही' झाली.

हात लावला नाही. डबा जिन्याखाली ढकलला.

४ नोव्हेंबर

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यात घोळणार नाही.

२००१ साल. आम्ही तेव्हा राळेगावलाच. पल्लवी साडेतीन वर्षांची. बाबारावानं नागपूरहून कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा आणला होता, फ्लॉपी घालायचा. रीळ नको, धुणं नको, म्हणून गावभर मिरवत होता. तान्हा पोळा आला. पोरं लाकडी बैल घेऊन निघाली. ह्यानं सगळ्यांचे फोटो काढले, पल्लवीचाही काढला. पुढच्याच आठवड्यात तिचा ताप डोक्यात गेला. पोरगी गेली.

घरातच फोटोवाला, म्हणून आम्ही कधी दुसऱ्याकडे फोटो काढला नाही. आणि घरच्या फोटोवाल्याला घरच्यांसाठी कधी वेळ झाला नाही. दिव्याखाली अंधार! जावळ काढल्यावरचा एक फोटो आहे, त्यात ती टकलू, कुणाचंही लेकरू वाटेल अशी. बाकी काहीच नाही.

महिनाभरानं मी स्टुडिओत गेले. पोळ्याचा फोटो मागितला. हा म्हणे, नंतर देतो, आत्ता गिऱ्हाईक आहे. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुझ्या कॅमेऱ्याची नजर लागली माझ्या लेकीला. तूच पांढऱ्या पायाचा. चार माणसांत म्हटलं. म्हटलं तर म्हटलं! लेक माझी गेली होती, त्याची नाही.

तर हा काय म्हणाला? "मिटवला तो फोटो. त्याच्यावर लग्न घेतलं एक. झालं समाधान?"

झालं. त्या दिवसापासून त्याच्या घरचं पाणी प्यायले नाही. हे गेले तेव्हा तो फाटकाबाहेर उभा होता. मी आत ये म्हटलं नाही.

६ नोव्हेंबर

समीक्षा म्हणते, "आई, एकदा पाहून तं घ्या. निघाला फोटो तं निघाला." सुनेला काय जातं बोलायला! मिटवलेलं कसं निघेल? म्हणते, कधीकधी निघते. मोबाइलवर वाचलं म्हणे.

दिवसभर तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी डबा रजतसमोर आपटला. पाहा बाबा. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

८ नोव्हेंबर

रजत यवतमाळातल्या दोन दुकानांत फिरून आला. कुणाकडे फ्लॉपी घालायची मशीनच नाही. एक जण म्हणाला, भंगारवाला तरी घेईल का बघा. मी असते तर ऐकवलं असतं.

११ नोव्हेंबर

लोहाऱ्याला गेले. रजत नको म्हणत होता, तरी गेले. त्याचा दोस्त कपिल तिथल्या एका कारखान्यात आहे. लोखंड कापायचं एक जुनं मशीन अजून फ्लॉपीवरच चालतं, म्हणून तिथं तो जुना कॉम्प्युटर जपून ठेवलाय. माणूस बरा वाटला. चहा विचारला, पण उगाच गोड बोलला नाही.

एकेका फ्लॉपीची पत्र्याची झाकणी सरकवून आतली काळी चकती स्पिरिटच्या कापसानं पुसत होता. मग मशीनमध्ये घालायची. खर्रर्र, खर्रर्र! दात खाल्ल्यासारखा आवाज.

निघाली ती लग्नं. कोण कुठले नवरदेव, त्यांच्या करवल्या, पंगती. एकही फोटो सरळ नाही. कुणाचं डोकं कापलेलं, कुणाचे पाय. ह्या दिवट्याकडे लोक पैसे देऊन फोटो काढत होते!

कपिल म्हणाला, त्या कॅमेऱ्याच्या एका फ्लॉपीवर थोडेच फोटो मावायचे. भरली की पुसून पुन्हा तीच वापरायची. म्हणजे खरंच वरून लग्न घेतलं असणार. वाटलं, उठावं आणि घरी जावं. उठले नाही.

१२ नोव्हेंबर

आजही लग्नंच. लोकांची.

१५ नोव्हेंबर

कपिलचा फोन. "काकू, एक फ्लॉपी येगळी हाय. कोपऱ्यात एक खिटी असते. ते सरकवली का फ्लॉपी लॉक. मंग तिच्यावर नवीन काही चढत नाही, जुनं मिटत नाही. बाकी साऱ्या खुल्या हाय. हे एकच कोणं तरी लॉक केली. वरून चिकटपट्टीबी मारली."

म्हणजे मिटवला नव्हता! खोटं बोलला. चोवीस वर्षं माझ्या लेकीचा चेहरा बिस्किटाच्या डब्यात कोंडून हा माणूस सुखानं जेवला, झोपला!

तिथल्या तिथे फोन लावला त्याला. नमस्कार नाही, काही नाही. म्हटलं, मिटवला होता ना? तो म्हणाला, "वहिनी, तुमी चार लोकांत मले पांढऱ्या पायाचा केलं. रागात निंघालं तोंडातून. त्याच दिवशी लॉक केली म्या ते फ्लॉपी. पण मंग कोणत्या तोंडानं आणून देऊ? पुढं तो कॅमेराच बिघडला. पाहाले मशीन नाही राह्यली."

म्हटलं, तशीच पाठवायची होती.

"पाठवली असती तं तुमी चुलीत घातली असती."

घातलीही असती. ते माझं मी बघितलं असतं! तुझा दादा जिवंत असताना तरी द्यायची – ते बिचारे शेवटपर्यंत तुझी बाजू घेत राहिले, माझ्या शिव्या खात. हे सगळं बोलले. तो नुसता हो हो करत होता. त्याच्या त्या 'हो'चा तर फारच राग आला. भांडायलाही येत नाही मेल्याला.

१६ नोव्हेंबर

कपिल म्हणतो, हिलाच सगळ्यांत जास्त बुरशी. एका वेळी थोडं थोडं वाचतं आणि अडकतं. घाई केली तर चकतीवर चरा पडेल. म्हटलं, करू नका घाई. मला सवय आहे.

१८ नोव्हेंबर

फोन नाही.

१९ नोव्हेंबर

नाही. समीक्षा जेवून घ्या, जेवून घ्या करते. खेकसले तिच्यावर.

२० नोव्हेंबर

निघाला फोटो.

कपिलनं खुर्ची दिली, चष्मा पुसायला फडकं दिलं. फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. आधी टिनाचं छप्पर. मग आंब्याच्या पानांचं तोरण. मग केस. मग तोंड.

पल्लवी नाही ती!

लांबट तोंड, जाड भुवया, उन्हानं डोळे बारीक केलेले, वरचे दात थोडे पुढे. समोर चाकांचा लाकडी बैल. कोण ही? माझी पल्लवी गोल चेहऱ्याची. गालाला खळी. अगदी आमच्या सुरभीसारखी – नात झाली तेव्हा सगळ्यांत आधी मीच म्हटलं होतं, पल्लवी परत आली म्हणून. स्वतःची लेक मला कळणार नाही?

रजतला विचारलं. तो म्हणे, "आई, मी तवा सात वर्षाचा. मले नाही सांगता येत."

लावला पुन्हा फोन राळेगावला. म्हटलं, कुणाची पोरगी जपून ठेवलीस रे? गावातली पन्नास पोरं होती त्या दिवशी. एवढी एक फ्लॉपी सांभाळली, तीही चुकीची!

"वहिनी, पल्लवीच हाय ते. बाकी पोरायचे फोटो पुसूनच लॉक केली होती म्या ते फ्लॉपी."

आईपेक्षा तुला जास्त माहीत? म्हटलं आणि ठेवला. कपिलला म्हटलं, पुसून टाक. तो नाही म्हणाला. आवाज न चढवता, पण नाहीच. कागदावर फोटो काढून दिला. मी हात लावला नाही. रजतनं घेतला.



२१ नोव्हेंबर

एकदा खोटं बोललेला माणूस दुसऱ्यांदा काय खरं बोलणार! बुरशीत खरा फोटो गेला असेल, आणि हा दुसरीच पोरगी माझ्या गळ्यात मारतोय. समीक्षानं तो कागद टेबलावर ठेवला होता. मी पालथा घातला. तिनं पुन्हा सुलटा केला. हिला माझं घर चालवायचंय!

२३ नोव्हेंबर

सगळे लग्नाला गेले होते. कागद खिडकीत नेऊन पाहिला. फोटोच्या कडेला एक हात आहे. पोरीनं हलू नये म्हणून तिचा दंड धरलेला. नुसता मनगटापर्यंत हात – हिरव्या बांगड्या, अंगठ्यावर विळ्याचा तिरपा व्रण.

हात माझा आहे. पोरगी पल्लवीच आहे.

मला ती ओळखू आली नाही.